न फाटलेली फिल्म

आमच्या वन्सं, संघप्रिया, राजारामपुरीत एका सेंटरात एक्स-रे काढतात. आवाज असा की आत पेशंटला "श्वास रोखा" म्हणाल्या तर बाहेरचा रिक्षावालाही रोखेल. कॉम्प्युटरवरचा फोटो फिल्मवर उतरवणाऱ्या मशीनला त्या 'माझी भट्टी' म्हणतात. फिल्म गरम भाकरीसारखी निघते त्यातून.

पौर्णिमेला बुद्धवंदना आटपून मी त्यांना खिरीचा डबा द्यायला गेले. आत अनुजा नावाची पोरगी हात छातीशी धरून बसलेली, ओठ फुटलेला. शेजारी नवरा, अमरसिंह. "मोरीत घसरली," तो म्हणाला. तिनंही मान हलवली.

स्क्रीनवर हाड मधोमध तुटलेलं दिसलं. "फिल्म नको," अमरसिंह म्हणाला. "प्लास्टर घालू, विषय संपला."

"का? मोरीवर केस होईल म्हणून भ्यालाय व्हय?" वन्सं म्हणाल्या आणि बटण दाबलं.

त्यानं स्टूल उचललं. आधी स्क्रीन फोडली, मग भट्टीवर घाव घातले. आडव्या आलेल्या वन्संच्या कपाळावर स्टुलाचा पाय बसला, रक्त डोळ्यात उतरलं. अनुजा उठली, तर तिच्या पोटात लाथ.

तेवढ्यात फुटक्या झाकणातून फिल्म अर्धी बाहेर आली. त्यानं ओढून काढली आणि फाडायला लागला. फाटेना. पिळली, गुडघ्यावर दाबली, शेवटी दातांनी ओढली. हिरडी कापली, तोंड रक्तानं भरलं.

"फाट की! फाट!"

वन्सं रक्ताळल्या तोंडानं हसल्या. "पावणं, प्लास्टिक हाय ते. बायकोचा हात न्हवं."

त्यानं फिल्म टाकून त्यांचा गळा धरला. मी डबा त्याच्या डोक्यात हाणला. सकाळीच पंचशील म्हटलेलं, हिंसा करणार नाही म्हणून, पण हाणला, पुन्हा हाणला. खीर भिंतीवर उडाली, तरी तो सोडेना. वन्संचे डोळे पांढरे व्हायला लागले.

अनुजानं धड असलेल्या हातानं फिल्म उचलली आणि थेट रस्त्यावर गेली.

"ह्यो माझा हात! ह्यानंच मोडलाय! मोरीत पडलो न्हाय मी! आत बाईला मारतोय, या की कुणीतरी!"

रिक्षावाले धावत आत घुसले. त्याला ओढून काढला आणि असा तुडवला की आता मलाच "पुरे" म्हणून ओरडावं लागलं.

ठाण्यात हवालदारांनी फिल्म ट्यूबलाइटपुढं धरली. मधे हाडाची चीर, कोपऱ्यावर खड्डे.

"हे दात कुणाचे?"

"नवऱ्याचे," अनुजा म्हणाली. "हाड माझं. लिहा."

कपाळाला टाके घातलेल्या वन्सं मागून ओरडल्या, "मोठ्यानं सांग, पोरी!"