नर्मदाबाईचं कस्टर्ड ॲपल

हिंगोली स्टेशनवर फळं विकणाऱ्या बायकांत नर्मदाबाई एकटीच इंग्रजीत हाक द्यायची. पेरूला ग्वावा, केळ्याला बनाना, चिंचेला टॅमरिंड. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं आणि फळांपलीकडे इंग्रजीचा एक शब्दही माहीत नव्हता. हे इंग्रजी हौसेतून आलं नव्हतं. भीतीतून आलं होतं.

तिच्या नवऱ्याचं नाव सीताराम. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं सगळ्याच बायका मानत. नर्मदाबाईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. थोरल्या बहिणीने भांडणाच्या भरात नवऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं आणि पोळ्याच्या आत तो साप चावून मेला. तेव्हापासून नर्मदाबाईने नवऱ्याच्या नावातलं अर्धंही नाव तोंडात येऊ दिलं नाही. कुणी रामराम घातला तर ती नुसते हात जोडी. आणि घर चालायचं ते डोंगरातल्या सीताफळांवर आणि रामफळांवर.

बत्तीस साली ती स्टेशनवर बसू लागली तेव्हा सीताफळाला 'देवाचं फळ' म्हणायची. एका प्रवाशाने प्रसाद समजून दोन फळं उचलली, कपाळाला लावली आणि तो गाडीत जाऊन बसला. शेजारी टोपली मांडणारी चतुराबाई पोट धरून हसली.

"सरळ नाव घे की बाई. जीभ झडंल का तुही?"

"जीभ झडली तर चालंल," नर्मदाबाई म्हणाली.

गाडीचा गार्ड गोव्याकडचा ख्रिस्ती होता, सीताफळाचा शौकीन. त्याच्या तोंडून तिने 'कस्टर्ड ॲपल' ऐकलं. दोनदा वदवून घेतलं, मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मग तिने इतर फळांचीही नावं विचारली. रामफळाला गार्डाने 'बुलक्स हार्ट' सांगितलं आणि अर्थ विचारल्यावर बैलाचं काळीज असा अर्थ सांगितला.

"बैलाचं काळीज? इश्श, कोण खाईल ते!" रामफळं ती शेवटपर्यंत न बोलता विकत राहिली. बोराला गार्डाकडे शब्दच नव्हता. "सायबाच्या मुलखात बोरं न्हाईत," तिने चतुराबाईला सांगितलं. "काय खात असतील बापडे?"

अशी सोळा वर्षं गेली.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात निजामाच्या राज्यात माणसं घरातून उचलून नेली जाऊ लागली. पैनगंगेपलीकडे हिंदुस्थानची हद्द होती आणि तिथे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते. सीताराम त्यांना भाकरी पोचवायचा. आखाडात तो गेला तो परतला नाही. भादव्यात कळमनुरीकडे कॅम्पातला एकजण पकडला गेला. मार असह्य झाल्यावर त्याने सांगितलं : भाकरी आणणाऱ्याचं नाव सीताराम, त्याची बायको हिंगोली स्टेशनवर फळं विकते. तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी स्टेशनवर आली. बायकोला धरून ठेवलं की नवरा येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्यासोबत याच मुलखातला एक वाटाड्या होता. त्याला इथल्या बायकांच्या रीती पुरत्या ठाऊक होत्या. त्याने कुणालाच नवऱ्याचं नाव विचारलं नाही. ओळीने बसलेल्या बायकांना तो एकच गोष्ट विचारत निघाला.

"टोपलीत काय हाय?"

चौघींच्याही टोपल्यांत सीताफळं होती. पहिल्या दोघींनी सांगितलं. तिसरी चतुराबाई. तिला डाव कळला होता.

"सीताफळं. डोळे फुटले का रे तुहे? का फुकट खायाला पायजे?"

बंदूकवाल्यांपैकी एकजण हसला. वाटाड्या हसला नाही. तो नर्मदाबाईसमोर उभा राहिला.

फलाटावर हमाल होते, सांधेवाला होता, चहावाला करीमभाई होता. इंग्रजीत हाक देणारी कोण आणि ती का देते, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. करीमभाईने पाठ फिरवली आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवायला घेतल्या. हमाल ओझी उचलून चालू लागले.

"टोपलीत काय हाय?"

"क..." सोळा वर्षांच्या सवयीने जीभ वळली.

"काय, क?"

"कवळी हायत अजून." तिने एक फळ दाबून दाखवलं. "सीताफळं."

वाटाड्या तिच्याकडे बघत राहिला. "ऐकू न्हाई आलं. हाक मार. गिऱ्हाईक बोलावती तशी."

नर्मदाबाई टोपली डोक्यावर घेऊन उठली. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ओरडत गेली, "सीताफळ घ्या, सीताफळ!" वळली आणि पुन्हा ओरडत आली. आवाज चांगला खणखणीत होता. वाटाड्याने मान हलवली आणि टोळी मालधक्क्याकडे गेली. नर्मदाबाई टोपलीमागे बसली. लुगडं ओलं झालेलं तिला बऱ्याच वेळाने कळलं.

पकडलं जाण्याची भीती तिथे संपली. दुसरी सुरू झाली. त्या दिवसापासून घरावर कावळा बसला की तिला घाम फुटे. वाटेवर माणूस दिसला की तो काय सांगायला येतोय, या धाकाने ती दार लोटून घेई.

पुढच्याच आठवड्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. गाडीतून कॅम्पातली माणसं परतू लागली. नर्मदाबाई रोज गाडीवर जायची, पण कुणाला विचारत नव्हती; विचारायचं तर नाव घ्यावं लागणार होतं. तिच्यासाठी चतुराबाई डब्याडब्यात डोकवायची.

"सीताराम दिसला का कुठं? फळवालीचा सीताराम?"

एकजण म्हणाला, "हिवतापानं पडला होता. आमी निघालो तवा शुद्ध नव्हती त्याला."

"कधीपासून?" नर्मदाबाईने विचारलं.

"भादवा लागल्यापासून."

आपण हाक दिली ती आधी की ताप आधी, हे ती रात्रंदिवस जुळवत राहिली. जुळेना.

दसऱ्यानंतर एका दुपारी सीताराम गाडीतून उतरला. गालफडं बसलेली, डोळे पिवळे, अंगावर दुसऱ्याचा सदरा. नर्मदाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने आधी त्याचे पाय पाहिले. भुताची पावलं उलटी असतात. ही सरळ होती.

"काहून अशी पाहून राहिली?" तो म्हणाला.

ती वाकून टोपली सारखी करू लागली. चतुराबाई मात्र फुलून आली होती. "आरं सीतारामा, तुह्या बायकोनं त्या दिशी भर फलाटावर..."

नर्मदाबाईने टोपलीतलं फळ फोडलं आणि अर्धं चतुराबाईच्या तोंडात कोंबलं. उरलेलं नवऱ्याच्या हातावर ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "कस्टर्ड ॲपल हाय."