जव्हारहून आणलेली कोरी वही

जव्हार-मोखाड्याच्या किश्श्यांचं एक बरं आहे, ते सांगायला मुद्दाम बसावं लागत नाही. मेसमध्ये कुणी "भाकरी करपली" म्हणालं की दत्तू कान पकडतो. कुणी फोटोचं नाव काढलं की वामन खोलीबाहेर पळतो. बारा दिवस हिंडलो आम्ही तिघं, आणि एवढं साठलंय की एक सांगायला घ्यावा तर त्याची शेपटी धरून दुसरा येतो!

पण सुरुवात सरांपासूनच करायला हवी, कारण हे सगळं त्यांच्यामुळे झालं.

सर म्हणजे आमचे इतिहासाचे प्रोफेसर. विद्वान माणूस, पण सगळा इतिहास किल्ल्यांत आणि सगळा जीव बुटांत. काळे विलायती बूट, नाड्यांना दुहेरी गाठ. गडावरच्या देवळात दर्शन घ्यायचं असलं तरी सर बाहेरूनच हात जोडायचे, बूट काढायचे नाहीत. तीन वर्षं आम्ही त्यांच्यामागून तटबंद्या मोजत फिरलो. शेवटी इतिहास मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, तोफांचा इतिहास पुष्कळ झाला. माणसांचा कधी सुरू करायचा? जव्हार संस्थानच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात. त्यांचा इतिहास कुठाय?"

"डोंगरात झाडं असतात," सर म्हणाले. सगळी बैठक हसली.

मग त्यांनी खणातून दोनशे पानांची कोरी वही काढली. "दिवाळीची सुट्टी आहे. ही भरून आण. भरली, तर पुढचं वर्षभर मंडळ तुझ्या डोंगरातल्या माणसांवर काम करील. नाही भरली, तर आपल्या तोफा बऱ्या. पुन्हा तक्रार ऐकून घेणार नाही."

"एकीनं काय होणार?" मी म्हणालो. "दोन द्या!"

एकच दिली.

*

जव्हारला सर्व्हिस मोटारीतून उतरलो आणि तासाभरात माझ्या हाती घबाड लागलं! एका म्हाताऱ्या कारकुनानं ओट्यावर बसवून संस्थानच्या मूळ राजाची कथा सांगितली. राजानं म्हणे बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली. देणारा हसून "घे" म्हणाला. राजानं त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, टोकाला टोक बांधलं आणि डोंगरच्या डोंगर वेढला!

मी वेडाच झालो. जामसरच्या रावजीच्या बैलगाडीतून आम्ही पुढे निघालो तेव्हा कधी एकदा त्याला सांगतो असं झालं होतं. रावजी शेतकरी, चाळिशीचा, जव्हारला मीठ-तेल घ्यायला आलेला. मी गाडीत उभा राहून, हातवारे करकरून कथा सांगितली. वाद्या कापताना तर मी गाडीतून पडायचाच राहिलो.

एक चढ गेला. एक उतार गेला. त्यानं उजव्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मास्तर."

"बोला!"

"बैल कोणाचा होता?"

"म्हणजे?"

"कातडं निघालं म्हंजे बैल गेला ना? कोणाचा तरी असंल. मंग त्या वर्षी त्याची नांगरणी कशी झाली?"

वामन आणि दत्तू माझ्याकडे बघायला लागले. कारकुनानं हे सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं! मी वही उघडली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'बैल कोणाचा होता?' आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, की याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरी ओळ लिहिणार नाही.

"एकशे नव्व्याण्णव पानं राहिलीत," वामन म्हणाला.

*

रावजीच्या घरी पहिलं जेवण. दत्तू आमच्यातला खाणारा गडी, कुठल्याही गावाचा इतिहास चुलीपासून सुरू होतो असं त्याचं मत. (हे मत मला तेव्हा थिल्लर वाटायचं.) रावजीच्या बायकोनं, जनीवहिनींनी, पानात काळसर भाकरी वाढली. दत्तूनं ती उलटी केली, सुलटी केली, आणि उगाच दिलदारपणा दाखवत म्हणाला, "वहिनी, जरा करपली असली तरी चालेल हो आम्हाला!"

जनीवहिनी चुलीपासून वळल्यासुद्धा नाहीत.

"करपली नाय. नागलीचा रंगच तसा. तुमी गोरे हाव, म्हणून आमी तुमाला कच्चे म्हनतो का?"

रावजीला ठसका लागला. दत्तू नागलीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, चार भाकऱ्या खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चुकीची भरपाई करायचं ठरवलं. दिवाळी म्हणून घरोघरी सावेल्या उकडत होत्या, म्हणजे काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवायची आणि पानात गुंडाळून वाफवायची. वास असा सुटला होता की मलासुद्धा वहीचा विसर पडला! आता नावं ठेवायची नाहीत, जे वाढतील ते निमूट खायचं, असा दत्तूचा निश्चय. त्यानं सहा सावेल्या खाल्ल्या. पानांसकट.

जनीवहिनींनी त्याच्यापुढची स्वच्छ ताटली बघितली. एक पान शिल्लक नाही. मग कुडाच्या भिंतीवरून शेजारणीला हाक मारली, "अगं, शेळीला दुसरीकडं ने आज. हितं तिला काय ठेवलं नाय!"

*

वामनकडे मामाचा डबा कॅमेरा होता आणि आठ फोटोंची एकच फिल्म. ती त्यानं तारप्याच्या नाचासाठी जपून ठेवली होती. ऊन उतरायला लागलं तसं पाड्यावर तारपा घुमायला लागला. दुधी भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य छातीशी धरून एक म्हातारा मधोमध उभा, आणि भोवती बायका-पुरुषांची हातात हात गुंफलेली साखळी. काय ती पावलं! जमीन आतून कुणी वाजवतंय असं वाटत होतं!

वामननं जागा हेरली. नाचणाऱ्यांचे चेहरे समोर यायला हवेत म्हणून तो थेट रिंगणात घुसला, तारपेवाल्याच्या पुढ्यात त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि डबा डोळ्यांशी नेला.

तारपा थांबला. साखळी थांबली. कुत्रीसुद्धा थांबली असावीत.

तारपेवाल्यानं शांतपणे विचारलं, "मास्तर, ज्याच्या वाऱ्यावर सगळी नाचतात, त्यालाच पाठ दाखवली?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. एवढी साखळी गोल फिरत होती, आत वळत होती, बाहेर उलगडत होती, पण एकाचीही पाठ तारप्याकडे होत नव्हती. वामन ओशाळला. माफी मागून त्यानं तोंड फिरवलं आणि मग नाच संपेपर्यंत फिरवलेलंच ठेवलं.

पुण्याला येऊन फिल्म धुतली. आठही फोटो तारपेवाल्याचे निघाले. एकात तर दोघं आहेत, तारपेवाला आणि वामनचं बोट.

*

नववा दिवस उजाडला तरी वहीत एकच ओळ! बैल कोणाचा होता, ते भेटेल त्याला विचारत होतो. लोक विचार करायचे, आपापल्या गेलेल्या बैलांची नावं सांगायचे, आणि उठून जायचे. खोडाळ्याच्या बाजारात माझा धीर सुटला. सर आठवले. "डोंगरात झाडं असतात" आठवलं. समोर एवढा बाजार, नागली, सुकी मासळी, मडकी, टोपल्या, आणि एवढी माणसं, स्वतःच्या इतिहासाबद्दल बेफिकीर!

मी एका दगडी ओट्यावर चढलो.

"बंधूंनो! भगिनींनो!" मी ओरडलो. "आज तुमच्या अंगात जी ताकद दडलेली आहे, ती तुम्हाला ठाऊक नाही!"

गर्दी जमली. मला स्फुरण चढलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं अज्ञान, अंगात भिनलेली सुस्ती, एकदा जागे झालात की कसे ताठ उभे राहाल! अर्धा तास बोललो. लोक माना डोलवत होते. बायकांनी डोक्यावरच्या टोपल्या उतरवून ठेवल्या. माझं मलाच भरून आलं.

भाषण संपलं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी पुढे सरकली आणि पदराची गाठ सोडत म्हणाली, "बाटली कितीला?"

"कसली बाटली?"

"गुडघ्याला चालंल ना?"

मागून दुसरा म्हणाला, "आधी मास्तर सोताच घेतील, मंग आपल्याला देतील. मागचा वैदू तसंच करायचा."

दत्तू मडक्यांच्या ढिगामागे लपून रडेपर्यंत हसत होता. मी ओट्यावरून उतरलो तेव्हा एकजण मात्र तिथंच उभा होता. काळूबाबा. खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावरचा भगत, सत्तरीचा, अंगानं वाळक्या फांदीसारखा.

"फार बोलतोस," तो म्हणाला. "ऐकाया येशील का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या खळ्यावर गेलो. शेणानं सारवलेली गोल जागा, मधोमध खांब, त्याला बांधलेले दोन बैल, आणि खाली भाताच्या पेंढ्या पसरलेल्या. मी वही काढली आणि झपाझप आत शिरलो.

"वहाणा!" काळूबाबा ओरडला. "माय निजलीय तिथं!"

वहाणा काढल्या. त्यानं माझ्या हातातली वहीही काढून घेतली, कुंपणात खोचली, आणि कासरा माझ्या हातात दिला. "बैलांच्या मागं चाल. मी सांगतो."

बैल फिरायला लागले. मी मागे, काळूबाबा माझ्या शेजारी. कनसरीची कथा सुरू झाली. कनसरी म्हणजे धान्याची माय. तिला एका घरी कुणी ओळखलं नाही, बस म्हणालं नाही. ती रुसली आणि पाठीवर टोपली घेऊन निघाली...

"ही कधीची गोष्ट, बाबा?" मी विचारलं.

काळूबाबा बोलायचा थांबला. दोन फेऱ्या गप्प चालला. मग पुन्हा, "कनसरी म्हंजे धान्याची माय. तिला एका घरी कोणी वळखलं नाय..."

मला वाटलं, म्हातारा विसरला. कथा रंगात आली. कनसरी खोडाळ्याला आली. दार उघडलं, तिच्या पायावर पाणी घातलं. तिनं मूठभर दाणे दिले, पुढे निघाली...

"बाबा, तेव्हा राजा कोण होता?"

"कनसरी म्हंजे धान्याची माय..."

"अहो, पुन्हा पहिल्यापासून कशाला? तिथून पुढे सांगा ना!"

"तू मधी तोडलीस," काळूबाबा म्हणाला. "ती वाटंत उपाशी उभी राहिली ना! आता तिला घरापासून परत आणाया नको?"

दत्तू कुंपणापलीकडून हात जोडून म्हणाला, "आता तोंड उघडू नकोस. भूक लागली आहे."

तिसऱ्या खेपेला मी ओठ मिटून चाललो. पायांखाली दाणे टोचत होते. कनसरी खोडाळ्याहून जामसरला आली. दार उघडलं, पायावर पाणी घातलं, मूठभर दाणे. कुठल्या पाड्यावर दोन मुठी, कुठल्या पाड्यावर अर्धी, हे सगळं नावानिशी! हा कुठल्यातरी दुष्काळाचा नकाशा होता! कोणत्या गावात काय उरलं होतं, ते हा माणूस पावलागणिक सांगत होता!

"कनसरी वांगणीला आली," काळूबाबा म्हणाला. "थांबली नाय."

'का?' माझ्या जिभेवर आलं. मी जीभ चावली.

खळ्याच्या कडेला त्याची म्हातारी बायको सूप पाखडत होती. तिचं माहेर वांगणीचं. तिनं मान वर केली नाही.

"दार उघडाया कोणी उरला नव्हता," ती म्हणाली. सूप चालूच होतं.

बैल फिरत राहिले. कथा संपली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

कुंपणातली वही घेऊन मी घाईघाईनं लिहायला बसलो. पहिली ओळसुद्धा आठवेना! उठून चालायला लागलो, की सगळं येई. बसलो, की जाई. परतीच्या वाटेवर मी निदान वीसदा बसलो आणि वीसदा उठलो.

"दोनशे पानांत एक ओळ," वामन म्हणाला. "तोफा!"

*

मंडळाची बैठक परवा झाली. हॉल भरला होता. सरांनी वही उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग अंगठ्यानं सगळी पानं फर्रकन सोडली.

"'बैल कोणाचा होता?' एवढंच?"

"हो, सर. उत्तर अजून मिळालं नाही."

"म्हणजे तोफा," सर म्हणाले आणि वही मिटली.

"सर, वहाणा काढू द्या!" मी म्हणालो.

काय करतोय ते मला तरी कुठं कळत होतं! मी वहाणा काढल्या. खुर्च्या ढकलल्या. मधलं टेबल म्हणजे खांब. दत्तू आणि वामनची उपरणी एकत्र बांधली, टोक हातात घेतलं, आणि त्या दोघांना टेबलाभोवती हाकायला लागलो. हॉलमध्ये हशाच हशा. मी सुरू केलं, "कनसरी म्हणजे धान्याची माय. तिला एका घरी कुणी ओळखलं नाही..."

"एक मिनिट," सर म्हणाले. "हे कोणत्या शतकातलं?"

आम्ही दोन फेऱ्या गप्प चाललो.

"कनसरी म्हणजे धान्याची माय..."

हशा थोडा कमी झाला. आम्ही खोडाळ्यापर्यंत आलो.

"पण याला पुरावा काय?"

दोन फेऱ्या. दत्तूला घाम आला होता. "कनसरी म्हणजे धान्याची माय..."

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली होती. खोडाळा गेलं. जामसर गेलं. दोन मुठी, अर्धी मूठ. फरशीवर फक्त आमच्या अनवाणी पावलांचा आवाज येत होता.

"कनसरी वांगणीला आली," मी म्हणालो. "थांबली नाही."

सरांनी तोंड उघडलं.

आम्ही तिघंही थांबलो. दत्तूनं डोळे मिटून घेतले. पुन्हा पहिल्यापासून जायची तयारी केली.

सरांनी तोंड मिटलं. खुर्ची मागे सारली, खाली वाकले, आणि बुटांच्या नाडीची दुहेरी गाठ सोडायला लागले.