घागरींची लाईन अन् तात्यांचं डोकं

त्या दुष्काळात आमच्या गल्लीत पाणी साठत नव्हतं, किस्से मात्र साठत व्हते. पाण्याला टँकर लागतो. किश्श्याला तीन रिटायर माणसं अन् एक लिंबाचं झाड असलं की बास. निलंग्यात आमच्याकडं हे दोन्ही फुकट व्हतं.

तिघांत पहिले माझे आजोबा. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची. एसटीत कंडक्टर व्हते. दुसरे कांबळे गुरुजी, शाळेतून रिटायर झाले पर शिकवायचे थांबले न्हाईत. तिसरे काझीसाहेब, कोर्टात कारकून व्हते, अजूनबी साध्या बोलण्यात 'तारीख' द्यायचे. अन् चौथा मी, नववीत दुसऱ्यांदा बसलेला.

गुरुजी मला म्हणायचे, "लोक रिटायर झाल्यावर डोकं बंद करतेत. तू आधीच करून बसलास."

*

गुरुजींनी कुठंतरी वाचलं व्हतं, रिटायर माणसानं डोकं वापरलं न्हाई की ते गंजतं. आता वापरायचं कशाला? तर लाईनीला.

गल्लीतल्या बाया पहाटं टँकरच्या लाईनीत आपापली भांडी ठेवून रोजगार हमीच्या कामावर जायच्या. टँकर कवा येईल ते ड्रायव्हरलाबी ठाऊक नसायचं. तवर भांडी पुढं-मागं सरकायची अन् मग भांडणं. गुरुजी म्हणले, "लाईन आपण सांभाळू. पर लिहायचं न्हाई. लिहिलं की डोकं झोपतं."

तवापासून कोणाचं भांडं कितव्या नंबरला, हे सगळं तिघांच्या डोक्यात. टँकर आला की नंबरानं हाका मारायच्या. गुरुजी किंवा काझीसाहेब चुकले तर लोक हसायचे. तात्या चुकले तर पुणं.

पुण्याचं असं झालं. माझा काका तिकडं कारखान्यात नोकरीला. मागच्या खेपेला आला तवा तात्या दोन दिवस त्याला माझ्या बापाच्या नावानं हाका मारत व्हते. काका म्हणला, "तात्यांचं डोकं चाललंय. इथं प्यायला पाणी न्हाई, बघायला कोण न्हाई. मी नेतो."

तात्या म्हणले, "पुण्यात सकाळी उठून भांडू कोणाशी?"

शेवटी ठरलं, पुढच्या खेपेला काका बघणार. डोकं जाग्यावर असलं तर निलंगा, नसलं तर बॅग.

*

मी मात्र लाईनीला हात लावायचा कुठं राहतोय. एक दिवस तिघं डुलक्या घेत व्हते. मी दोन घागरींची अदलाबदल केली अन् झाडामागं लपलो.

तात्यांनी डोळे उघडले, लाईन बघितली. "काझीसाहेब, ही पाचवी घागर चालत चालत तिसरीत आली का?"

काझीसाहेब म्हणले, "मुल्जिम झाडामागं हाय. चप्पल दिसून राहिली."

शिक्षा झाली. घागरीच्या जागी मी बसायचं, उन्हात, टँकर येईस्तोवर. तेवढ्यात शेवंतामावशी कामावरून आल्या. त्यांच्या तोंडाला सगळी गल्ली भ्यायची. त्यांनी वरून खालून मला बघितलं.

"हे कोणाचं भांडं ओ? झाकण न्हाई, अन् आतूनबी रिकामं."

*

त्याच दिवसांत लातूर जिल्हा नवानवा झाला व्हता. आमचा तालुका आधी उस्मानाबादेत. जिभेला तेच वळण. गुरुजी म्हणले, "जुनी सवय मोडणं हा मेंदूचा व्यायाम हाय." नियम झाला. जो उस्मानाबाद म्हणेल त्याचा त्या दिवशीचा चहा बंद.

काझीसाहेबांचं अख्खं आयुष्य कागदावर उस्मानाबाद लिहिण्यात गेलेलं. पहिल्या आठवड्यात त्यांना चहाचा वासबी मिळाला न्हाई. पर हळूहळू तिघंबी हुशार झाले. कोणी जिल्हा विचारला की गपच बसायचे.

एक दिवस सरकारी जीप आली. आतल्या नव्या साहेबानं काच खाली केली. "बाबा, हे गाव आता कोणत्या जिल्ह्यात येतं?"

तात्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी काझीसाहेबांकडं. काझीसाहेबांनी वर झाडाकडं. चहा नुकताच सांगितला व्हता.

साहेबानं परत विचारलं. तिघंबी तोंड मिटून बसलेले.

ड्रायव्हर म्हणला, "साहेब, चला. उन्हानं तिघंबी कामातून गेलेत."

*

मग गुरुजींनी नवीन काढलं. रोजचं काम डाव्या हातानं करायचं, म्हंजे मेंदूची झोपलेली बाजू उठते. गुरुजींनी स्वतः डाव्या हातानं फक्त टाळ्या वाजवायचं ठरवलं. तात्यांनी तंबाखू मळली, ती सगळी धोतरावर. काझीसाहेब मात्र कोर्टातले. हुकूम म्हंजे हुकूम. त्यांनी दाढी केली.

अर्धी मिशी गेली. मग बरोबरी करायला उरलेलीबी काढावी लागली. दाढी करून अंगणात पाणी टाकायला गेले, तर मागून दार लागलं. त्यांनी कडी वाजवली. बेगमनं फटीतून बघितलं अन् डोक्यावरचा पदर ओढला.

"साहेब घर में नहीं हैं. बाद में आना."

*

आता जो किस्सा हाय तो गल्लीत कोणी मोठ्यानं सांगत नव्हतं.

ऊन लई व्हतं. टँकर आला, भरलेला. बाया पाईप धरून तयार. तात्या उठले, टँकरच्या मागं गेले, एसटीत चढणाऱ्याला बघावं तसं इकडं तिकडं बघितलं. मग टँकरच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली अन् म्हणले, "जाऊ द्या."

ड्रायव्हर नवा व्हता. तो गेला की.

सगळी लाईन रिकामी अन् टँकर निघाला हायवेला. माणसं ओरडत मागं पळाली. तात्या तिथंच उभे. एक हात वर, एसटीची दांडी धरल्यावानी. मग त्यांनी हळूच तो हात खाली घेतला अन् कोणाकडं न बघता झाडाखाली येऊन बसले.

मला वाटलं, आता शेवंतामावशी फाडून खाणार. त्या कमरेवर हात देऊन गल्लीकडं वळल्या. "ही गोष्ट पुण्याला पोचली, तर ज्यानं पोचवली त्याचं भांडं मी लाईनीत ठेवू देणार न्हाई."

पर पुण्याला पोचलीच. आमच्या बापानंच कळवलं. त्याचं भांडं लाईनीत ठेवायला माझी आईच व्हती, म्हणून तो वाचला.

*

काका आला तो बाजाराचा दिवस. कामाला सुट्टी, बाया सगळ्या घरी. काकाच्या हातात रिकामी बॅग. ती त्यानं झाडाखाली ठेवली अन् गुरुजींच्या शेजारी बसला.

"तात्या, लोक म्हणतेत लाईन तुमच्या तोंडपाठ हाय. टँकर येतोय. सांगा. एक जरी भांडं चुकलं तर संध्याकाळच्या गाडीनं निघायचं."

तात्या उठले. धोतर झटकलं. पहिल्या भांड्याकडं बोट केलं. तांब्याची घागर, शेवंतामावशीची. लेकराला विचारलं तरी सांगेल.

तात्या म्हणले, "ही सुमनची."

सुमन म्हंजे आमच्या शेजारची नवी सून. ती मावशीकडं बघायला लागली. काझीसाहेबांनी डोळे मिटले.

शेवंतामावशी खेकसल्या, "उचल की गं! टँकर काय तुझ्या नवऱ्याचा हाय व्हय थांबायला?"

सुमननं घागर उचलली.

तात्यांनी दुसऱ्या भांड्याकडं बोट केलं. जर्मनचं पातेलं, बुडाला भोक, सुमनच्या घरचं. "हे शेवंताचं." मावशींनी ते पाईपखाली धरलं, भरलं, कमरेवर घेतलं अन् चालल्या. पाणी लुगड्यावरून धारेनं खाली. पर चाल अशी, जणू सोन्याचा हंडा.

मग तर पाणीच फुटलं. गुरुजींचा कॅन माझ्या आईनं नेला. आमची कळशी काझीसाहेबांनी. गुरुजींना कोणाच्या तरी लेकराची टमरेलाएवढी बादली आली. गुरुजी तिला म्हणले, "हीच ती माझी." सगळी लाईन संपली, एक भांडण न्हाई. आमच्या गल्लीत हे पहिल्यांदाच झालं.

काका बघतच राहिला. मग बॅग उचलली. "तात्या, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं हाय. ऱ्हावा इथंच." पाया पडला अन् स्टँडकडं गेला.

काका वळणाआड झाला तसा मला जुंपला. या घरातलं भांडं त्या घरात, सांडायचं न्हाई. मी मावशीची घागर खांद्यावर घेऊन झाडाजवळून निघालो, तर तात्यांनी हाक मारली. डबीतून चुना काढत व्हते.

"काय रे, आज एकीनंबी आपलं भांडं न्हाई उचललं. बघितलं का?"

मी घागर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"गुरुजींना सांग. बायांची डोकी लई गंजून राहिलीत. उद्यापासून त्यांनाबी झाडाखाली बसवा."