विहिरीकडं तोंड करून बसणारी सोना

अंबडच्या स्टँडवर भाचा भेटला. म्हणाला, "मामा, आधी चहा घ्या." त्यानं मला कधी चहा पाजल्याचं आठवत न्हाई. तवाच समजलो. सोना, माझी बायको, गेल्ती. सकाळी कापूस घेऊन मी निघालो तवा ती अंगणात गोणपाटं झटकून राह्यली होती... महिना झाला त्याला.

आम्हाला लेकरू न्हाई. दुष्काळाच्या साली गावातली मोठी माणसं खडी फोडायला जायची, दिवस मावळता परतायची. शाळा पाचला सुटायची. मधल्या वेळात पोरं गावाबाहेरच्या विहिरीत उतरायची, पारव्याची पिल्लं काढायला. विहिरीला कठडा न्हाई, पाणी तळाला, दगड सुटलेले. सोना म्हणायची, "ही हीर एक दिवस लेकरू घेणार." मी म्हणालो, "लोकांची पोरं, लोकांची हीर. तू काहून मरती?" असंच बोललो. खोटं कशाला लिहू.

मंग ती दारोदार हिंडली. शाळा सुटली की पोरं आमच्या अंगणात बसवा म्हणायची. नुसत्या हो म्हणण्यावर तिचा भरवसा नव्हता. पोराला बसायला घरातलं एक गोणपाट मागायची. गोणपाट आलं म्हणजे त्या घरानं पोर दिलं. पाटलाच्या सुनेनं दारातच हटकलं, "सोताचं लेकरू न्हाई अन् दुसऱ्याच्या पोरांचा लई पुळका. अन् तुमच्या रांजणाचं पाणी आमच्या घरचं कुणी पिणार न्हाई." आम्ही बौद्धवाड्यातले. सोना म्हणाली, "पाणी घरून धाडा, पाटलीणबाई. लेकरू धाडा म्हणजे झालं." त्या घरचं गोणपाट यायला दोन सालं गेली.

शिकवायला तिला काय येत होतं? शाळा तिसरीपर्यंतची. पाढे घोकून घ्यायची, भांडणं सोडवायची. दुष्काळ सरला, विहीर तशीच राहिली. पोरं बसवायला चावडी मिळती का म्हणून सोना सरपंचाकडं गेली, तर ते म्हणाले, "आजवर कुणी पडलं का? न्हाई ना? मंग?" घरी येऊन मला म्हणाली, "पडायची वाट बघून राह्यलेत."

ती गेल्यावर चार दिवसांनी बाया आल्या अन् आपापलं गोणपाट घेऊन गेल्या. कापूस भरायचा होता. पाटलाची सून शेवटी आली. गोणपाट हातात धरून उभीच राहिली. "बाबा, पोरगी आता ठेवू कुठं?"

सोना अंगणात बसायची ती पोरांच्या डोक्यावरून विहिरीकडं तोंड करून. मी चिडायचो, "पोरांकडं बघ की." ती म्हणायची, "इथली इथं हायेत. पारवे सगळे एकदम उठले की समजावं, कुणीतरी आत उतरलं."

परवा पाचची घंटा झाली अन् मी तिच्या जागी बसलो. काल पारवे उठले. तसाच अनवाणी निघालो. पाटलाची नात आत तिसऱ्या दगडावर उभी होती. हात दिला, वर घेतली. "आजी न्हाई ना आता," ती म्हणाली.

आता रोज बसणार. पण माझे गुडघे धरलेत. विहिरीपर्यंत जायला मला सोनाच्या दुप्पट वेळ लागतो.