अण्णांच्या डावीकडची जागा

नमस्कार. गेली चार-पाच वर्षं मी इथले गूढ अनुभव वाचतेय. वाचते म्हणजे जेवताना, करमणूक म्हणून... रागावू नका, खरं तेच सांगतेय. कुणाचाही अनुभव वाचला की माझं डोकं लगेच सुरू व्हायचं – ह्यांची झोप झाली नसेल, ह्यांचा बीपी लो असेल. माझं शिक्षणच तसलं आहे. शरीरात जे घडतं ते मोजता येतं, आणि जे मोजता येत नाही त्यात मी कधी वेळ घालवला नाही. म्हणूनच हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

मी मूळची अकोल्याची. बंगळुरूला क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजीत मास्टर्स करत होते. आमच्या नातेवाइकांना अजून ते ‘जिमचं कॉलेज’ वाटतं, म्हणून थोडक्यात सांगते. हार्ट अटॅक किंवा बायपास झालेल्या माणसाला किती व्यायाम झेपेल हे तपासायचं, आणि तेवढा त्याच्याकडून नीट करून घ्यायचा, हे आमचं काम. राहायला दादाकडे, सर्जापूर रोडला. दुसऱ्या वर्षाचं प्लेसमेंट मात्र थेट हेब्बाळच्या बाजूला, एका हॉस्पिटलच्या कार्डिअ‍ॅक रिहॅबमध्ये. जायलाच दोन तास. हे प्लेसमेंट पास झालं नाही तर वर्ष वाया, त्यामुळे मी एकही दिवस चुकवला नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर रिहॅबच्या खोलीबाहेर एक लांब, सरळ कॉरिडॉर आहे. एका बाजूला भिंत, दुसरीकडे खिडक्या. तीस मीटर मोजून दोन टोकांना नारिंगी कोन ठेवायचे आणि पेशंटने सहा मिनिटं ह्या कोनापासून त्या कोनापर्यंत जमेल तेवढं चालायचं. आम्ही फेऱ्या मोजायच्या. दिसायला पोरखेळ, पण ह्या टेस्टवर पुढचा सगळा व्यायाम ठरतो. रूपा मॅडम – तिथल्या सीनियर – ह्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम डोक्यात भरवला होता. पेशंटच्या बरोबरीने चालायचं नाही. शेजारी माणूस असला की पाय आपोआप त्याच्या चालीवर पडतात, आणि टेस्ट बिघडते.

दत्तूअण्णा माझे पेशंट. वय अडुसष्ट, बायपास होऊन अडीच महिने झालेले. एका सरकारी कारखान्यात फिटर होते. घरचे मराठी, पण तीन पिढ्या बंगळुरूत, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकायला मजा यायची – “स्वल्प थांबा अक्का, दम घेऊ द्या.” मी त्यांच्या नातीएवढी, तरी मला अक्का म्हणायचे. बरोबर त्यांच्या पत्नी, लक्ष्मीअक्का. त्या कॉरिडॉरच्या अर्ध्यावर, भिंतीच्या कोनाड्यातल्या बाकावर बसून राहायच्या, मांडीवर पाण्याची बाटली. फार बोलायच्या नाहीत.

अण्णांची पहिली टेस्ट मीच घेतली होती. सहा मिनिटांत साडेनऊ फेऱ्या, मध्ये एकदा थांबून. ठीकच. त्यानंतर महिन्याभराने दुसरी. तो मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं. वेळ पक्की सांगू शकते, कारण फॉर्मवर माझ्याच हाताने लिहिलेली आहे.

पहिलं मिनिट नेहमीसारखं गेलं. दुसऱ्या मिनिटात अण्णा बाजूला सरकले. कॉरिडॉर मोकळा होता, तरी ते जाताना भिंतीला खेटून आणि येताना खिडक्यांना खेटून चालायला लागले. म्हणजे दोन्ही वेळा त्यांच्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा राहत होती. कोनाशी वळतानाही ते मोठा वळसा घेत होते, आतल्या बाजूने कुणी वळतंय असा. मला वाटलं, भिंतीचा आधार हवा असेल. पण हात भिंतीला लावत नव्हते.

मग वेग वाढला. त्यांच्या छातीवरच्या पट्ट्यातून नाडीचा आकडा माझ्या हातातल्या टॅबवर येत होता. त्यांना नाडी चढू न देणारी गोळी चालू होती, एकशे दहाच्या पुढे ती जायलाच नको होती. तिसऱ्या मिनिटाला एकशे सव्वीस. मी म्हटलं, “अण्णा, हळू चाललात तरी चालेल.” त्यांनी ऐकलं नाही. मान किंचित डावीकडे वळवून ते चालत होते, ओठ हलत होते... हसत होते बहुतेक. चौथं मिनिट संपायच्या आत माझ्या कागदावर तेरा खुणा झाल्या होत्या. ज्या माणसाच्या महिन्यापूर्वी सहा मिनिटांत दहा झाल्या नव्हत्या, त्याच्या. टॅबवर एकशे अडतीस. चेहरा राखेसारखा.

मी टेस्ट थांबवतेय असं मोठ्याने सांगितलं. ते थांबले नाहीत. लक्ष्मीअक्का बाकावरून उठल्या. आता नियम-बियम बाजूला ठेवून मी धावले आणि अण्णांचा दंड धरायला त्यांच्या डावीकडे गेले. त्या मोकळ्या जागेत.

पुढचं जमेल तसं लिहिते.

माझे पाय त्यांच्या पायांशी जुळले. एका पावलात. मी दंड धरला होता, मला थांबायचं होतं, आणि पाय थांबत नव्हते. ती माझी चालही नव्हती. मी बुटकी, माझी पावलं छोटी. ही लांब ढांगांची चाल होती, टाच आधी आपटणारी. टॅब हातातून खाली पडला. कोन आला, आम्ही दोघं वळलो – मी आतून, ते बाहेरून – आणि परत निघालो. मी रूपा मॅडमना हाक मारायला तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना. मी रोज पाच किलोमीटर पळणारी मुलगी आहे. माझ्या मनगटावरच्या घड्याळात तेव्हाची नाडी एकशे बहात्तर आहे, अजून सेव्ह करून ठेवलीय. आणि अण्णांचा दंड माझ्या हातात गार पडत चालला होता. माझ्या मनात एकच होतं, हा माणूस आता चालता चालता पडणार आणि मी त्याला ओढत नेत राहणार.

लक्ष्मीअक्का कॉरिडॉरच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. म्हणजे नजर माझ्या दिशेलाच होती, पण माझ्या डोक्याच्या बरीच वर. आवाज न चढवता, घरी फार वेळ बसलेल्या पाहुण्याला सांगावं तसं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, “नागप्पण्णा, साकु. बिडी अवरन्ना.”

एवढं कन्नड मला यायचं. पुरे. सोडा त्यांना.

पाय सुटले. मी तोल जाऊन भिंतीवर आपटले, अण्णा अक्कांच्या खांद्यावर कोसळले. टॅब पडल्याच्या आवाजाने दारात आलेल्या रूपा मॅडम धावत आल्या. अण्णांना खुर्चीत बसवलं, ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, वरून डॉक्टर आले. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. हळूहळू नाडी उतरली. रंग परत आला. ईसीजीत नवीन काही निघालं नाही. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं की तू पेशंटच्या बरोबरीने का चालत होतीस. मी म्हटलं, थांबवायला गेले होते. त्या म्हणाल्या की मी दारातून पाहिलं, तू थांबवत नव्हतीस.

नागप्पा कोण, ते अक्कांनी नंतर सांगितलं. कारखान्यातले अण्णांचे जोडीदार. तीस वर्षं दोघं रोज सकाळी बरोबर चालायला जायचे. नागप्पा सहा फुटी, चाल झपाट्याची. अण्णा त्यांच्या उजवीकडे धापा टाकत. मी विचारलं, तुम्हाला ते दिसले का? अक्का म्हणाल्या, “नाही गं. मला ह्यांची चाल दिसली. असे हे फक्त त्यांच्याबरोबर चालायचे.”

मी धीर करून विचारलं की ते कधी वारले.

अक्का म्हणाल्या, “वारले कुठं? धारवाडला आहेत, मुलाकडं. दोन वर्षं झाली अंथरुणाला खिळलेत. अर्धं अंग गेलंय, बोलणं पण नाही.”

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. नागप्पांच्या सूनबाईंनी उचलला. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं, अक्का अर्धं अर्धं मला मराठीत सांगत गेल्या. सासऱ्यांचं काय चाललंय असं विचारल्यावर पलीकडून कळलं ते असं – आज सकाळी फार घाबरलो. अकराच्या सुमाराला चादरीखाली त्यांचे पाय हलायला लागले. दोन्ही पाय, निकामी झालेला सुद्धा. अंग घामाने भिजलं, धाप लागली. फिट आली समजून डॉक्टरांना बोलावलं, पण ते यायच्या आतच सगळं थांबलं. आता शांत झोपलेत.

अण्णा खुर्चीत डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, “मागं राहिलो की हसतो तो.” त्या दिवशी ह्या विषयावर ते एवढंच बोलले.

फॉर्मवर टेस्ट का थांबवली ते लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘परीक्षक पेशंटच्या बरोबरीने चालल्यामुळे टेस्ट अमान्य.’ माझे गुण कापले गेले, लेखी समज मिळाली, पण प्लेसमेंट टिकलं.

मी ह्यावर खूप डोकं चालवलंय. दोन माणसं बरोबर चालली की पावलं नकळत जुळतात, हे आमच्या अभ्यासातच आहे. घाबरल्यावर नाडी एकशे बहात्तर होऊ शकते. लकवा झालेल्या पायांना झटके येतात. अण्णांना जुन्या मित्राचा भास झाला असेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला उत्तर आहे. ती सगळी एकाच मंगळवारी, त्याच पंधरा मिनिटांत का घडली, ह्याला नाही. आणि ती लांब ढांगांची चाल माझ्या पायांत कुठून आली, ह्यालाही नाही.

कोर्स संपताना अण्णांची शेवटची टेस्ट झाली. ह्या वेळी रूपा मॅडम स्वतः दारात उभ्या होत्या, आणि अक्का बाकावर न बसता भिंतीशी. पहिल्या मिनिटापासून अण्णा कॉरिडॉरच्या मधून चालले. डावीकडे जागा सोडली नाही, एकदाही मान वळवली नाही. अकरा फेऱ्या, नाडी एकशे चार. मॅडम खूश झाल्या.

टेस्ट संपल्यावर अण्णा बाकावर बसले आणि बराच वेळ बुटाच्या नाड्या बघत राहिले. अक्कांनी पर्समधून मोबाइल काढला. हातात धरून ठेवला. मग तसाच परत आत ठेवला.

नागप्पा कसे आहेत हे विचारायला धारवाडला फोन आम्हा तिघांपैकी कुणीच केला नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.