फुग्याला शेपूट

मामा काय काम करतो, असं कुणी विचारलं की मामी सांगायची, "दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालतात." आणि ते खरंच होतं. एका साप्ताहिकात नीलझेप नावाच्या उडत्या वीराची चित्रकथा क्रमशः यायची. कथा एक जण लिहायचा, चित्रं दुसरा काढायचा आणि चौकटींमध्ये संवादांचे फुगे काढून त्यांत अक्षरं भरायचा आमचा मामा. फुग्याला टोकदार शेपूट असेल तर पात्र मोठ्याने बोलतंय. शेपटीऐवजी खाली छोटे गोल असतील तर ते मनातल्या मनात. फरक एवढाच, पण नीलझेपची सगळी गुपितं त्या गोलांवर टिकून होती.

मामा स्वतःही गोलांचाच माणूस. घरात बोलायची ती मामी. अंक आला की आधी ती वाचणार आणि एखादी वेलांटी चुकलेली सापडली की मामाला दिवसभर भंडावून सोडणार. शेपटीची चूक मात्र तिला कधी सापडली नव्हती.

मग ती आजारी पडली. आता फार काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं. तिला कळू द्यायचं नाही, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण भाचीला विचारतंय कोण. मामीला एकच ध्यास होता. तिची धाकटी बहीण दूर राहायची आणि दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला होता. "एकदा जाऊन मिटवून येते," मामी म्हणायची. सगळे एका सुरात सांगायचे, "बरी झालीस की जा." मामाही तेच सांगायचा, भिंतीकडे बघत.

त्याच सुमारास चित्रकथेत खलनायकाने नीलझेपच्या मैत्रिणीवर विषारी किरण सोडले. तिच्याशेजारी उभा राहून नीलझेप मनात म्हणतो, "हिच्या हाती आता थोडेच दिवस आहेत. हे हिला कसं सांगू?" मामाने त्या फुग्याला शेपूट काढलं. थेट ओठांपर्यंत. कुणाच्याही लक्षात आलं नाही आणि अंक तसाच छापला गेला. पुढच्या चौकटीत ती बिचारी हसत विचारते, "उद्या फिरायला जायचं ना?"

संपादकांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही तर तिला सांगूनच टाकलंत. हे गुपित मला वर्षभर पुरवायचं होतं."

मामीने अंक वाचला तेव्हा मी तिच्या उशाशी होते. त्या पानावर ती बराच वेळ थांबली. मामा कामावरून आला तसं तिने विचारलं, "इथे शेपूट कसं आलं?"

"चुकलं."

"तुमच्या हातून हे चुकत नाही."

मामा बूट काढता काढता तिथेच खाली बसला.

"माझ्याबद्दल काय म्हणाले डॉक्टर?"

मग त्याने सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मला वाटलं, ती रडेल. ती संतापली. "तेव्हा मी हिंडत-फिरत होते हो. गाडीत बसून गेले असते तिच्याकडे. आता कुशीवर वळायलासुद्धा मला माणूस लागतं."

मामाने लगेच बहिणीला फोन केला. ती आली, पण तोवर मामीचा आवाज गेला होता. मामीने तिचा हात घट्ट धरला. ओठ पुष्कळ वेळ हलत राहिले, नुसती हवा येत होती. दुसऱ्या दिवशी मामी गेली.

सगळं उरकल्यावर बहीण मामासमोर येऊन उभी राहिली. "काय म्हणत होती ताई, भावजी? तुम्हाला तरी कळलं असेल."

मामाने काहीतरी बरं सांगावं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. तुला माफ केलं म्हणाली, एवढं म्हटलं असतं तर कोण उलटतपासणी घेणार होतं? मी त्याला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

"मला कळलं नाही," मामा म्हणाला. "तिला बोलता येत होतं तेव्हा मी तुला बोलावलंच नाही."

ती त्याच्याशी पुन्हा कधीही बोलली नाही.