फ्रेंच खाडीतली वाळू

"उद्या सावंतचा व्हिसा कॅन्सल. खलास!" फादी टेबलावरच्या चित्राकडे बोट दाखवून ओरडला. फादी माझा बॉस, लेबनानी. सावंत आमचे पॅकर, मालवणचे, पन्नाशीचे. ते खाली मान घालून उभे होते.

दुबईत, अल क्वोजच्या एका वेअरहाउसमध्ये आमचं वर्कशॉप आहे. मी कॉन्झर्वेटर, म्हणजे जुन्या चित्रांची डॉक्टर म्हणा. समोरचं चित्र फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या एका चित्रकाराचं, शंभरएक वर्षं जुनं. एक खाडी, ओहोटी, वर भलंमोठं आभाळ. आणि खालच्या कोपऱ्यात बारीक वाळू चिकटलेली.

"तुमच्या माणसाने क्रेट उघडी टाकली, वाळू आत उडाली," प्रदर्शनाची फ्रेंच क्युरेटर म्हणाली. क्रेट म्हणजे चित्र येतं ती लाकडी पेटी. "परवा ओपनिंग आहे. आत्ताच्या आत्ता पुसा."

आता खरं सांगते, चूक माझी होती. क्रेट माझ्यासमोरच उघडायची आणि तिथल्या तिथे फोटो काढून कंडिशन रिपोर्ट लिहायचा, असा नियम. म्हणजे चित्र कुठल्या अवस्थेत आलं, याचा पुरावा राहतो. त्या सकाळी मी शारजाच्या जाममध्ये अडकलेली. फादीचे "यल्ला, यल्ला", म्हणजे चल लवकर, करत फोनवर फोन. मी वैतागून सावंतांना सांगितलं, "उघडा तुम्ही, मी आलेच." फोटो नाही, रिपोर्ट नाही. बळीचा बकरा मात्र आयता तयार.

"उघडायला मी सांगितलं," मी म्हणाले. "व्हिसा कॅन्सल करायचाय ना? माझा कर."

"ओके. दोघांचा करतो."

माझं डोकंच फिरलं. पण ओपनिंग परवावर होतं, भांडायला वेळ नव्हता. मी कापसाचा बोळा ओला केला आणि चित्रावर वाकले.

"मॅडम, पुसू नकात!" सावंत एकदम बोलले. हात पाठीमागे बांधून, नाक चित्राला लागेल इतके ते वाकले होते. "ही वाळू हयसरली नाय. ही दर्याची आसा. शिंपल्यांचो चुरो दिसता मां?"

मी इंग्रजीत सांगितलं, तर फादी हसला. "हबीबी, दुबईलाही समुद्र आहे."

फादीचा मुद्दा बिनतोड होता. तरी खात्री करावी म्हणून मी बोळा टाकला आणि मायक्रोस्कोप ओढला. स्क्रीनवर एक कण दिसला, निळ्या रंगात अर्धा बुडालेला. शेजारच्या कणावरून तर ब्रशचा अख्खा फटकारा गेलेला.

"अगं बाई!" मी ओरडलेच. ऑइल पेंट एकदा वाळला की टणक होतो, त्यात काही बुडत नाही. म्हणजे रंग ओला होता तेव्हाच ही वाळू त्यात पडली होती.

"हा स्टुडिओत बसून रंगवायचा का?" मी क्युरेटरला विचारलं.

"छे! सगळे पॅरिसला ये म्हणून मागे लागले, हा गेला नाही. जन्मभर तीच खाडी. रोज किनाऱ्यावर उभा. वाऱ्याने चित्राचा स्टँड पडू नये म्हणून त्याला दगड बांधायचा आणि..."

ती बोलता बोलता थांबली. स्क्रीनकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. या बाईने त्या माणसावर वर्षानुवर्षं अभ्यास केला होता, आणि मी आणखी एक मिनिट घाई केली असती तर त्याचा किनारा कापसाने पुसून कचऱ्यात टाकला असता.

तिने सावंतांचा हात हातात घेतला. "आय ॲम सॉरी, मिस्टर सावंत."

सावंत लाजले. मग चित्राकडे बघून मला म्हणाले, "बरो माणूस. घरात बसान दर्यो काढूक नाय त्येना."

ओपनिंगला त्या चित्रासमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. क्युरेटरने शेजारी एक भिंग ठेवलं होतं, आणि वाळू ओळखणारे म्हणून पाटीवर सावंतांचं नाव. नवा शर्ट घालून सावंत ताठ उभे होते. मला तर शिट्टी मारावीशी वाटत होती. फादी व्हिसाचं सगळं विसरून प्रत्येक पाहुण्याच्या हातात भिंग देऊन सांगत होता, "माय टीम फाउंड इट!"

या धंद्यात मी एवढंच शिकले: डाग दिसला की आधी डाग नीट बघावा. दोषी माणूस शोधायला नंतर भरपूर वेळ असतो.